धागा: भाताचं डब्ल्यूआरकेवाय प्रथिन जेलवर स्वच्छ दिसतं, पण डीएनएला धरत नाही

खाजणकाठ

नमस्कार मंडळी. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भातातल्या (पनवेल-१, २, ३ या गटातल्या) एका डब्ल्यूआरकेवाय घटकाचा (डीएनएला धरून जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) फक्त डीएनएला बांधणारा भाग ई. कोलायमध्ये तयार केला आहे. तपशील असा:

भाग १०५ अमिनो आम्लांचा, टॅग धरून साधारण १४ किलोडाल्टन. व्हेक्टर (जनुक वाहून नेणारा प्लाझ्मिड) पीईटी-२८ए, पुढच्या टोकाला सहा हिस्टिडिनचा टॅग (निकेलला चिकटणारी शेपटी). पेशी बीएल२१(डीई३). ३७ अंशांवर १ मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) दिलं तर जवळजवळ सगळं गाळात जातं. १८ अंशांवर रात्रभर ठेवलं तर निम्म्याहून जास्त विद्राव्य येतं.

लायसिस बफर: फॉस्फेट ५० मिलिमोलर, पीएच ८, मीठ ३००, इमिडाझोल १०. निकेलवरून २५० इमिडाझोलने उतरवलं. मग रात्रभर डायलिसिस: ट्रिस २० मिलिमोलर पीएच ८, मीठ ५०, ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) १, डीटीटी (सिस्टीन गंजू न देणारं) ५. सकाळी पिशवीत थोडा पांढरा कापूस तरंगत असतो. तो फिरवून काढून टाकते.

एसडीएस जेलवर एकच पट्टी, ९५ टक्के तरी शुद्ध. नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला ते मोजणारं यंत्र) २८० नॅनोमीटरला २.३४, २६० ला ३.२८. १ मिलिग्रॅमला १.३० या हिशेबाने १.८ मिलिग्रॅम प्रति मिली.

जेल-शिफ्टमध्ये (प्रथिन बसलं की डीएनए जेलवर हळू चालतो, ती चाचणी) डब्ल्यू-बॉक्सचा (टी-टी-जी-ए-सी-सी, डब्ल्यूआरकेवाय जिथे बसतं ती डीएनएवरची जागा) प्रोब, म्हणजे डीएनएचा तुकडा, २ मायक्रोमोलर प्रथिनापर्यंत हलत नाही. उलट वरच्या लेन्समध्ये वेलमध्येच चमक अडकते. प्रोब खराब आहे की प्रथिन?

---

निकेलकाका

प्रोबला दोष देऊ नका. उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. २६० भागिले २८० म्हणजे १.४. निव्वळ प्रथिनाचं हे गुणोत्तर ०.५७ ते ०.६ च्या आसपास असतं. १.४ म्हणजे जिवाणूचा डीएनए किंवा आरएनए प्रथिनाला चिकटूनच निकेलवरून खाली आला. कुमासीचा रंग न्यूक्लिक आम्लाला लागत नाही, म्हणून जेलवर ते दिसणारच नाही. तुमचे ९५ टक्के हे फक्त प्रथिनांपुरते ९५ टक्के.

आता १.८ चं काय झालं बघा. जुना ढोबळ हिशेब: १.५५ गुणिले २८० चं वाचन, उणे ०.७६ गुणिले २६० चं. म्हणजे ३.६३ वजा २.४९ = १.१४. सरासरी प्रथिनासाठीचं सूत्र आहे, तंतोतंत धरू नका, पण हिशेबातलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रथिन कागदावरच होतं एवढं कळतं.

खात्री करायची तर सोपं आहे. शुद्ध केलेल्या प्रथिनाचे १० मायक्रोलिटर थेट १ टक्का अगारोजवर चालवा. दुसऱ्या लेनमध्ये तेच, पण आरएनएज घालून १५ मिनिटं ३७ अंशांवर ठेवलेलं. तिसऱ्यात डीएनएज-१ आणि २ मिलिमोलर मॅग्नेशियम. (तुमच्या बफरात ईडीटीए आहे, त्यामुळे डीएनएजला मॅग्नेशियम जास्तीचं द्यावं लागेल, नाहीतर ते काम करणार नाही.) कुठल्या लेनमधली चमक गेली त्यावरून पाहुणा कोण ते कळेल.

वेलमधली चमक हीच भानगड. प्रथिनाच्या सगळ्या जागा आधीच भरलेल्या, त्यात लांब लांब तुकडे, एका तुकड्यावर दहा-वीस रेणू. तुमचा प्रोब त्या गुंत्यात अडकतो आणि जेलच्या दारातच बसून राहतो.

---

कातळ

काकांचं म्हणणं पटतं, पण ते अर्धंच. डायलिसिस बफर परत वाचा: ईडीटीए १ मिलिमोलर.

डब्ल्यूआरकेवाय म्हणजे झिंक बांधणारी घडी. गट एक आणि दोनमध्ये दोन सिस्टीन, दोन हिस्टिडिन. गट तीनमध्ये शेवटच्या हिस्टिडिनच्या जागी सिस्टीन. तो एक झिंक अणू चारही टोकं एकत्र धरतो, तेव्हाच त्या ६० अमिनो आम्लांच्या भागाला आकार येतो, आणि डब्ल्यू-आर-के-वाय-जी-क्यू-के हा सात अक्षरांचा पट्टा डीएनएच्या मोठ्या खाचेत बसतो. रात्रभर ईडीटीएत ठेवलं की झिंक हळूहळू निघतं, सिस्टीन उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात. तुमचा पांढरा कापूस हाच असावा. त्यात मीठ ५० वर आणलंय. हे प्रथिन धनभारित आहे, कमी मिठात स्वस्थ राहत नाही.

आणखी दोन चुका. एक, फॉस्फेट बफर. झिंक फॉस्फेट फारसं विरघळत नाही, म्हणून फॉस्फेटमध्ये झिंक घालून उपयोग नाही, ते गढूळ होऊन खाली बसतं. दोन, ५ मिलिमोलर डीटीटी. डीटीटी स्वतःच झिंक पकडतं. त्याच कामासाठी ०.५ मिलिमोलर टीसीईपी वापरा. टीसीईपी हायड्रोक्लोराइड पाण्यात टाकलं की पीएच अडीचपर्यंत पडतो, म्हणून ०.५ मोलरचा साठा करताना सोडियम हायड्रॉक्साइडने ७ ला आणून ठेवा. ही पायरी चुकली तर बफरचा पीएच घसरतो आणि प्रथिन जातं, दोष मात्र टॅगवर येतो.

प्रोटिएज (प्रथिन कापणारं विकर) इन्हिबिटरच्या गोळ्या वापरत असाल तर डबीवर ईडीटीएविरहित लिहिलंय ना बघा.

---

खाजणकाठ

काका, कातळताई, आभार. अगारोज केलं. आरएनएजच्या लेनमध्ये चमक बरीच कमी झाली, डीएनएजच्या लेनमध्ये थोडी. म्हणजे दोन्ही आहेत, आरएनए जास्त.

झिंक क्लोराइडची बाटली उघडली तर आत चिखल. मुरूम भिजावा तसा. ते वजन करून चालेल का?

---

कातळ

नाही चालणार. झिंक क्लोराइड हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. इथल्या जुलैत तर बाटलीचं झाकण उघडून तराजूवर ठेवेपर्यंत वजन वर चढताना दिसतं. किती झिंक आणि किती पाणी, देव जाणे.

झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट घ्या. त्याचे स्फटिक कोरडे राहतात, वजन स्थिर. रेणुभार २८७.५. १०० मिलिलिटर पाण्यात २.८८ ग्रॅम म्हणजे १०० मिलिमोलर. ०.२ मायक्रॉनने गाळा, खोलीच्या तापमानाला ठेवा. एक लिटर कल्चरला ०.५ मिली घातलं की ५० मायक्रोमोलर झालं.

पावसाळ्यात इमिडाझोल, ग्वानिडिन आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्याकडेही लक्ष ठेवा. हायड्रॉक्साइडच्या गोळ्या डबी उघडी राहिली की घाम आल्यासारख्या चमकतात. इमिडाझोलचा १ मोलर साठा एकदम ५०० मिली करून पीएच ७.५ ला लावून ठेवणं परवडतं, दरवेळी डबी उघडायला नको.

---

निकेलकाका

आता एक लिटरचा पूर्ण क्रम लिहितो. माझ्या पसंतीचा आहे. दुसऱ्याचा वेगळा असू शकतो.

पेशी. भाताचे जनुक जीसीने भरलेले, त्यात सीसीसी, सीजीजी, एजीजी असे कोडॉन येतात जे ई. कोलायला जड जातात. जनुक ई. कोलायसाठी बदलून बनवून घेतलेलं नसेल तर रोझेटा-२(डीई३) पेशी घ्या, त्यांत हे कोडॉन वाचायची सोय असते. कॅनामायसिन ५० आणि क्लोरॅम्फेनिकॉल ३४ मायक्रोग्रॅम प्रति मिली.

वाढ. दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये ४०० मिलीपेक्षा जास्त एलबी (जिवाणू वाढवायचं माध्यम) भरू नका. हवा लागते. ३७ अंशांवर ओडी (पेशींचा गढूळपणा) ०.६ ते ०.८. मग फ्लास्क बर्फात २० मिनिटं. ही पायरी वगळू नका. शेकरचं तापमान १८ ला लावलं म्हणून आतलं पाणी लगेच १८ होत नाही, आणि त्या तासाभरात आयपीटीजी पडलं की सगळं गाळात. थंड झाल्यावर आयपीटीजी ०.२ मिलिमोलर, झिंक सल्फेट ५० मायक्रोमोलर, १८ अंश, १६ तास. टेरिफिक ब्रॉथ वापरलात तर झिंक घालताना माध्यम गढूळ होईल, त्यात फॉस्फेट असतं. एलबी बरं.

लायसिस बफर ३० मिली: हेपेस ५० मिलिमोलर पीएच ७.५, मीठ १ मोलर, ग्लिसरॉल १० टक्के, इमिडाझोल २०, टीसीईपी ०.५, झिंक सल्फेट १० मायक्रोमोलर. ट्रिस घेऊ नका असं नाही, पण २५ अंशांवर ७.५ ला लावलेलं ट्रिस शीतकपाटात ८.१ च्या आसपास जातं. हेपेसची घसरण त्याच्या निम्म्याने. पीएमएसएफ (प्रोटिएज रोखणारं) १०० मिलिमोलर आयसोप्रोपेनॉलमध्ये (१ मिलीला १७.४ मिलिग्रॅम), लायसिसच्या आधी एका मिनिटात ०.३ मिली. पाण्यात पडल्यावर ते फार टिकत नाही, आदल्या दिवशी घालून ठेवू नका. विषारी आहे, हातमोजे घाला.

सोनिकेशन: ५ सेकंद चालू, १० बंद, एकूण ५ मिनिटं चालू, बर्फात. टोक पृष्ठभागाजवळ आलं की फेस होतो. फेस झाला की समजा तेवढं प्रथिन हातचं गेलं.

आता पीईआय, न्यूक्लिक आम्ल खाली पाडायला. १० टक्के पॉलिइथिलिनइमाइनचा साठा हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ८ ला आणलेला. ३० मिलीत ०.४५ मिली, म्हणजे ०.१५ टक्के. बर्फावर ढवळत, थेंब थेंब. दूध फाटल्यासारखं होईल, घाबरू नका. १० मिनिटं थांबून २०,००० जी वर अर्धा तास. न्यूक्लिक आम्ल खाली, प्रथिन वर. हे १ मोलर मिठातच करा. ३०० मध्ये केलंत तर प्रथिन आरएनएचा हात न सोडता त्याच्याबरोबर खाली बसेल.

निकेल: १ मिली रेझिन. जास्त घेऊ नका, रिकाम्या जागा राहिल्या की एसएलवायडीसारखी हिस्टिडिन भरलेली जिवाणू प्रथिनं बसतात. जेलवर पंचविसाच्या आसपास पट्टी दिसली तर तीच. पहिला वॉश २० मिली, मीठ १.५ मोलर. हा वॉश आरएनएसाठी. दुसरा २० मिली, मीठ ५००, इमिडाझोल ४०. मग २५० इमिडाझोलने १ मिलीचे पाच भाग.

हेपारिन (डीएनएसारखा ऋणभारित कॉलम): ४ मिली प्रथिनात ६ मिली मीठ नसलेला बफर, म्हणजे मीठ २०० ला. हे मिसळणं कॉलमवर चढवायच्या अगदी आधी. मिसळून चहाला गेलात तर परत कापूस. २०० पासून १ मोलरपर्यंत चढत्या मिठाने उतरवा. बरेच असे घटक ४०० ते ७०० च्या दरम्यान उतरतात. प्रत्येक भागाचं २६०/२८० घ्या. ०.६५ च्या खालचेच एकत्र करा. मोह आवरा.

---

मालवणी_पिपेट

बाबानू, बफराची गजाल खूप झाली. आता लायटीची आयका.

१६ तासांचं इंडक्शन (आयपीटीजी घालून प्रथिन बनवून घेणं) आणि किनाऱ्यावरचा पावसाळा यांचं वैर आहे. शेकर थांबला की पेशी तळाला बसतात, हवा संपते, आम्ल साठतं. त्यात शेकरचा कॉम्प्रेसरही बंद, फ्लास्क १८ वरून हळूहळू २८ ला. दोन तास तसे गेले तर तुमचं विद्राव्य प्रथिन गाळ होतं. इनव्हर्टर घ्यायचा तर शेकरसाठी घ्या, संगणकासाठी नको. मोटर आणि कॉम्प्रेसर दोघांचा सुरुवातीचा झटका धरून क्षमता निवडा. चालू असतानाचे वॅट बघून घेतलेला इनव्हर्टर कॉम्प्रेसर सुरू होतानाच बसतो.

नसेल तर उशिरा रात्रीचं इंडक्शन टाळा. सकाळी ८ ला टाका, २५ अंश, ५ तास, आयपीटीजी ०.१. विद्राव्य थोडं कमी येईल, पण हाताखाली राहील. दुसरा रस्ता आपोआप इंडक्शनचं माध्यम: ग्लुकोज ०.०५, लॅक्टोज ०.२, ग्लिसरॉल ०.५ टक्के. पण त्यात फॉस्फेट असतं, कातळताई रागावतील.

बर्फ. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, जिथे बोटी लागतात तिथे बर्फाचा कारखाना असतोच. फोडलेला बर्फ पोत्याने मिळतो. सोनिकेशनच्या बीकरभोवती, सेंट्रिफ्यूज बाटल्यांसाठी तोच पुरतो. त्याला मासळीचा वास आणि जिवाणू दोन्ही असतात, म्हणून नळ्या झिपच्या पिशवीत. तीन भाग बर्फ, एक भाग जाडं मीठ केलं की उणे १८-२० पर्यंत जातं, रोटर थंड करायला उत्तम.

पण त्याच मिश्रणात प्रथिन गोठवू नका. सावकाश गोठताना आधी पाणी गोठतं, उरलेल्या थेंबात मीठ आणि प्रथिन दाट होत जातं, गुठळ्या होतात. पटकन गोठवायला द्रव नायट्रोजन हवा. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी तो येतो, विचारून पाहा. नायट्रोजनच्या कंटेनरची फेरी ज्या दिवशी असते तो दिवस धरून शुद्धीकरणाचा बेत आखला तर सोपं पडतं. पातळ पीसीआर नळ्यांत २० मायक्रोलिटर, चिमट्याने नायट्रोजनच्या पृष्ठभागावर. स्क्रूच्या नळ्या पूर्ण बुडवून ठेवू नका, आत नायट्रोजन शिरला तर बाहेर काढताना फुटतात. खिडकी उघडी ठेवा.

---

खाजणकाठ

थोडक्यात विचारते: एमबीपी (विद्राव्य ठेवायला जोडतात ते मोठं प्रथिन) लावून विद्राव्य करण्यात अर्थ आहे का? आणि पूर्ण लांबीचं प्रथिन करावं की हाच तुकडा ठेवावा?

---

निकेलकाका

तुकडा विद्राव्य येतोय, एमबीपी नको. एमबीपी ४२ किलोडाल्टनचा, तुमचा तुकडा १४ चा. माशापेक्षा जाळं जड. शिवाय एमबीपी कधीकधी न घडलेलं प्रथिनही तरंगत ठेवतो. टीईव्हीने (जोड कापणारं विकर) कापलं की सगळं खाली बसतं, म्हणजे ते विद्राव्य कधीच नव्हतं.

पूर्ण लांबीचं हवं असेल (दुसऱ्या प्रथिनाशी बोलणं बघायचं असेल तर हवंच) तेव्हा मात्र एमबीपी लावा. डब्ल्यूआरकेवायच्या दोन्ही बाजूंचे भाग सैल असतात, जिवाणूचे प्रोटिएज तिथेच दात लावतात. जेलवर शिडी दिसली तर ती अशुद्धी नसते, तुमचंच प्रथिन कुरतडलेलं असतं. टीईव्ही प्रथिनाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकं वजनाने, ४ अंश, रात्रभर. त्याच्या बफरातही ईडीटीए लिहिलेला असतो छापील कृतीत, तो वगळा.

---

कातळ

साठवणीबद्दल काकांनी लिहिलं नाही. हेपेस २०, मीठ ३००, ग्लिसरॉल १० टक्के, टीसीईपी ०.५, झिंक १० मायक्रोमोलर, उणे ८०. झिंक ५० च्या वर नेऊ नका. हिस्टिडिन टॅग झिंकलाही धरतो, दोन रेणूंचे टॅग एका अणूवर बसतात आणि प्रथिन गुठळते. शक्य असेल तर थ्रॉम्बिनने टॅग काढा, पीईटी-२८ए मध्ये जागा आहेच.

एक नळी एकदाच वितळवायची. उरलेलं परत गोठवलं तर त्यावर "जुनं" लिहा आणि फक्त जेलला वापरा.

उणे ८० च्या बाबतीत एवढंच: ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती. ज्या क्लोनवर सगळं उभं आहे तो प्लाझ्मिड वाळवून गाळणकागदावर ठिपका करून एक प्रत घाटावर कुणाकडे तरी ठेवा. प्रथिन परत बनवता येतं.

---

मावळतीचा_वारा

वेगळा प्रश्न. आमच्याकडे महाविद्यालयात थंड शेकर नाही. बीएस्सीच्या प्रात्यक्षिकाला तयार शुद्ध प्रथिन विकत घेतलं, समजा पी५३ किंवा सॉक्स२ (डीएनएला धरणारी माणसाची प्रथिनं), तर जेल-शिफ्ट दाखवता येईल का?

---

निकेलकाका

येईल, पण माहितीपत्रक नीट वाचा. विकायला असलेली बरीच प्रथिनं अँटिबॉडीच्या तुलनेसाठी बनवलेली असतात. गव्हाच्या अंकुराच्या अर्कातलं, जीएसटी टॅगचं, "वेस्टर्न ब्लॉट, एलायझा" एवढंच लिहिलेलं असेल तर ते डीएनएला धरेल याची हमी कुणी दिलेली नाही. "डीएनए बंधन तपासलेलं" असं स्पष्ट हवं. बफरात मीठ किती, ग्लिसरॉल किती, युरिया किंवा सार्कोसिल आहे का, बघा. पी५३ च्या मधल्या भागालाही झिंक लागतं, त्यामुळे वरचं सगळं त्यालाही लागू.

मागवण्याचं गणित: नेहमीच्या थर्मोकोलच्या खोक्यातला कोरडा बर्फ दिवसाला साधारण सव्वादोन ते साडेचार किलो उडून जातो. मुंबईहून रत्नागिरी-सावंतवाडीला दोन दिवस धरा, वर एक दिवस घाटासाठी. दहा किलोच्या खाली मान्य करू नका. सोमवारीच रवाना करायला सांगा. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि शिमगा, या दोन काळात ऑर्डर देऊच नका, रस्ता आणि गाड्या माणसांनीच भरलेल्या असतात. खोकं आलं की आधी आत कोरडा बर्फ शिल्लक आहे का ते पाहून लिहून ठेवा, मग पावतीवर सही.

वाळवलेली पावडर आली तर झाकण उघडण्याआधी नळी फिरवून घ्या. ती झाकणाला चिकटलेली असते, उघडताना वाऱ्याने उडते.

---

मालवणी_पिपेट

रंगीत प्रोब आणि स्कॅनर नसेल तर साधा दुहेरी प्रोब ५० नॅनोमोलर घ्या आणि जेल चालवल्यावर सायबर गोल्डमध्ये (डीएनए चमकवणारा रंग) २० मिनिटं बुडवा. २० मायक्रोलिटरमध्ये ३० जोड्यांच्या प्रोबचे साधारण १८ नॅनोग्रॅम येतात, दिसतात. मात्र प्रथिनात आरएनए असेल तर तोही चमकेल. आणि तेव्हा पॉली डीआय-डीसी (प्रथिनाचं उगाच चिकटणं शोषून घ्यायला घालतात तो बनावट डीएनए) घालू नका, तोही रंग घेतो.

---

कातळ

जेल-शिफ्टचं मिश्रण देऊन टाकते, २० मायक्रोलिटर: हेपेस २० पीएच ७.५, पोटॅशियम क्लोराइड ५०, टीसीईपी ०.५, ग्लिसरॉल १० टक्के, बीएसए ०.१ मिलिग्रॅम प्रति मिली, एनपी-४० ०.०५ टक्के, पॉली डीआय-डीसी एका मिश्रणात ५०० नॅनोग्रॅम, रंगीत प्रोब २ ते ५ नॅनोमोलर. प्रोब सगळ्यात शेवटी. खोलीच्या तापमानाला २५ मिनिटं.

प्रथिनाची पातळ मालिका साठवणीच्याच बफरात करा आणि प्रत्येक लेनमध्ये २ मायक्रोलिटरच घाला, शून्याच्या लेनमध्येही. नाहीतर लेनगणिक मीठ बदलतं आणि तुम्ही मिठाचा परिणाम मोजता. निळा रंग नमुन्यात नको, कडेच्या रिकाम्या लेनमध्ये.

जेल ६ टक्के, आधी रिकामं ४५ मिनिटं चालवून घ्या, ४ अंश, सेंटिमीटरला ८ ते १० व्होल्ट. आणि अर्ध्या शक्तीच्या टीबीईत १ मिलिमोलर ईडीटीए असतो. मी ट्रिस-बोरेटच करते, ईडीटीए वगळून.

---

निकेलकाका

इथे माझं मत वेगळं. नीट घडलेल्या प्रथिनात झिंक घट्ट असतं, डीएनएवर बसल्यावर आणखी घट्ट. तासाभराच्या जेलमध्ये फारसं जात नाही. रात्रभराचं डायलिसिस वेगळं. शंकाच असेल तर ट्रिस-ग्लायसिन घ्या, ट्रिस २५, ग्लायसिन १९०. पट्ट्याही नीट येतात.

चित्र वाचायला: हललेली पट्टी आणि मोकळा प्रोब यांच्यामध्ये धूर दिसला तर जोडी जेलमध्येच सुटतेय, वेळ कमी करा, गार चालवा. वेलमध्ये चमक असेल तर गुठळ्या किंवा न्यूक्लिक आम्ल. काहीच हललं नाही तर झिंक किंवा गंजलेले सिस्टीन.

आणि केडी (प्रथिन डीएनएला किती घट्ट धरतं तो आकडा) सांगण्याआधी सक्रिय हिस्सा मोजा. समजा निम्मा प्रोब २० नॅनोमोलरला हलतो. मग रंगीत १० आणि साधा ३९० असा ४०० नॅनोमोलर प्रोब घ्या, प्रथिन ० ते १२०० पर्यंत चढवा. हललेल्याचा आलेख सरळ चढून जिथे आडवा होतो तो बिंदू ६४० ला आला, तर चारशे जागा भरायला ६४० रेणू लागले, म्हणजे ६२ टक्केच कामाचे. ही लेन न घालता छापलेली केडी मी अर्धीच खरी धरतो.

---

खाजणकाठ

नवीन खेप झाली. पीईआय, दीड मोलरचा वॉश, हेपारिन, सगळं. हेपारिनवरून ५२० मिलिमोलर मिठाला उतरलं. २६०/२८० आता ०.६२. २८० ला १.०४, म्हणजे ०.८ मिलिग्रॅम प्रति मिली, ५७ मायक्रोमोलर. एकूण २.४ मिलिग्रॅम. रात्रभरात कापूस नाही.

जेल-शिफ्ट (ट्रिस-ग्लायसिन): निम्मा प्रोब २५ नॅनोमोलरला हलला. टी-टी-जी-ए-सी-सी बदलून टी-टी-जी-ए-ए-ए केलेला प्रोब ६४० पर्यंत हलला नाही. रंग नसलेला प्रोब शंभरपट घातला की पट्टी गेली, बदललेला शंभरपट घातला तर राहिली.

एकच खटकतंय. खऱ्या प्रोबमध्ये १६० नॅनोमोलर प्रथिनाच्या वर आणखी एक, अजून हळू चालणारी पट्टी येते. बदललेल्या प्रोबमध्ये १६० ला काहीच नाही.

---

कातळ

प्रोब प्रमोटरमधून जसाच्या तसा उचललाय ना? उलट्या साखळीतला टी-जी-ए-सी सुलट्या साखळीत जी-टी-सी-ए असा दिसतो. तो शोधा.

---

खाजणकाठ

आहे. उजव्या टोकापासून सातव्या जागेवर जी-टी-सी-ए. पण मग बदललेल्या प्रोबमध्येही तो असणारच की, तिथे का नाही धरला?

---

निकेलकाका

टोकाजवळ आहे, पुढची-मागची अक्षरं डब्ल्यू-बॉक्सची नाहीत, त्यामुळे एकट्याने धरायला अशक्त. शेजारी आधीच एक रेणू बसला असेल तर दुसरा त्याच्या आधाराने बसत असेल. किंवा दुसरा रेणू डीएनएवर न बसता पहिल्यालाच धरत असेल. दोन्ही वेगळे करायला तिसरा प्रोब मागवा: मूळ डब्ल्यू-बॉक्स तसाच, फक्त जी-टी-सी-ए चं टी-टी-सी-ए करा. वरची पट्टी गेली तर दुसरा डीएनएवरच बसत होता.

---

खाजणकाठ

आज ऑर्डर देते. सोमवारी रवाना करायला सांगून.